नवीकरणीय कशाला म्हणायचे? गोव्याची वीज, पाणी आणि खाणी यांमागची पार्श्वभूमी

गोव्यात वीज तयार होते ती नावापुरती. बाकी सगळी बाहेरून येते. कोरबा-विंध्याचलच्या कोळसा केंद्रांतून, तारापूर-काक्रापारच्या अणुकेंद्रांतून राज्याचा वाटा ठरतो आणि कोल्हापूर, आंबेवाडीकडून येणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांवरून तो म्हापसा, आमोणे, फोंडा, शेल्डेच्या उपकेंद्रांत उतरतो. त्यामुळे ‘नवीकरणीय’ हा शब्द इथे आला तो वीजखरेदीच्या तक्त्यातून. कोणते युनिट नवीकरणीय धरायचे आणि कोणते नाही, याचे नियम दिल्लीत आणि गुरुग्रामात झाले; हिशेब मात्र पणजीला द्यावा लागला.

२०५० पर्यंत राज्याची सगळी गरज नवीकरणीय ऊर्जेतून भागवण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे. बातम्यांत याच उद्दिष्टाला कधी ‘अक्षय’, कधी ‘हरित’, तर कधी ‘स्वच्छ’ म्हटले जाते. हे चारही शब्द बिनदिक्कत एकमेकांच्या जागी बसवले जातात, पण शंभर टक्क्यांत काय काय मोजले जाणार हे प्रत्येक शब्दागणिक बदलते. अणुवीज स्वच्छ म्हणून खपते, नवीकरणीय म्हणून खपत नाही. जळाऊ लाकूड नवीकरणीय आहे, पण ते स्वच्छ आहे असे चुलीपुढे बसणाऱ्या बाईला सांगून पाहावे. तिळारीच्या पाण्यावरची वीज २०१९ च्या मार्चपर्यंत सरकारी हिशेबात नवीकरणीय नव्हती, मग झाली. पाणी तेच, जनित्रही तेच.

शब्दाचा जुना इतिहास थोडक्यात आटोपता येतो. भरती-ओहोटी, वारा आणि लाकूड यांवर गोवा शतकानुशतके चालला. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीच्या, बांधातली मानस (पाण्याचे झडपदार) ओहोटीला आपोआप उघडते, भरतीला पाण्याच्याच रेट्याने मिटते. शेतातले जादा पाणी खाडीत जाते आणि खारे पाणी आत येत नाही. भरतीची ऊर्जा राबवण्याचे याहून सोपे यंत्र शोधून सापडायचे नाही. पण मानशीला कुणी ऊर्जाप्रकल्प म्हटले नाही, कारण तिथे मोजायला युनिट नाही.

मोजणीची गरज १९७३ च्या तेलसंकटानंतर आली. १९८१ च्या ऑगस्टमध्ये नैरोबीत ‘नव्या व नवीकरणीय’ ऊर्जास्रोतांवर जागतिक परिषद भरली. तिच्या यादीवर आज नजर टाकली तर गंमत वाटते. सूर्य, वारा, पाणी, लाटा, भूगर्भातली उष्णता हे सगळे तर होतेच. शिवाय जळाऊ लाकूड आणि लोणारी कोळसा होता, दलदलीतले पीट होते, ओढकामाची जनावरे होती आणि तेलयुक्त खडक व डांबरी वाळूसुद्धा होती. शेवटच्या दोन गोष्टी कोणत्याही अर्थाने नवीकरणीय नाहीत. त्या ‘नव्या’ या विशेषणाखाली आत शिरल्या. दोन विशेषणे जोडून एक यादी केली की दुसऱ्याच्या आडून पहिले काहीही आत घेते. हा प्रकार पुढे भारतीय कायद्यातही झाला आणि त्याची झळ आमोण्यापर्यंत पोचली. त्याकडे येऊच.

आपल्याकडे १९८१ साली ‘अतिरिक्त’ ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला गेला, १९८२ मध्ये ‘अपारंपरिक’ ऊर्जेचा स्वतंत्र विभाग निघाला, १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले आणि २००६ च्या ऑक्टोबरात ‘अपारंपरिक’ जाऊन ‘नवीन व नवीकरणीय’ असे नाव लागले. म्हणजे नैरोबीची जोडी पंचवीस वर्षांनी दिल्लीच्या पाटीवर आली. मराठीत ‘अपारंपरिक’ मात्र अजून सुटलेला नाही. सूर्य, वारा, बैल आणि शेण अपारंपरिक, आणि वाफेच्या इंजिनाबरोबर आलेला कोळसा पारंपरिक, ही विभागणी ज्याने केली त्याने परंपरा विजेच्या तारेपासून मोजली असावी.

‘अक्षय’ हा शब्द २००४ पासून २० ऑगस्टला साजऱ्या होणाऱ्या अक्षय ऊर्जा दिनामुळे रुळला. तो कानाला गोड लागतो, तृतीयेमुळे ओळखीचाही वाटतो. पण तो जास्तीचे आश्वासन देतो. सूर्य आपल्या हिशेबाने अक्षय आहे, जंगल नाही. तोडीचा वेग वाढीच्या वेगाच्या आत राहिला तरच लाकूड पुन्हा उभे राहते. धरणाचे पाणी दर पावसाळ्यात भरते, पण गाळाने भरलेला तळ रिकामा होत नाही. या अर्थाने नवीकरणीय हा शब्द अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यात अट दडलेली आहे. २००९ मध्ये बॉनमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संघटनेच्या घटनेत ही अट उघडच लिहिली आहे: नवीकरणीय स्रोतांपासून ‘शाश्वत रीतीने’ मिळवलेली ऊर्जा. भारतीय नियमांत स्रोतांची यादी सापडते, ही अट सहसा सापडत नाही.

एका ‘आणि’चा घोळ

२००३ चा वीज कायदा हा या सगळ्याचा कणा. त्याच्या कलम ८६ मध्ये राज्यांच्या वीज नियामक आयोगांची कामे सांगितली आहेत आणि त्यातल्या एका पोटकलमाने आयोगांना सहवीजनिर्मिती ‘आणि’ नवीकरणीय स्रोतांपासूनची वीजनिर्मिती या दोहोंना उत्तेजन द्यायला सांगितले. वितरकाने एकूण विजेच्या ठरावीक टक्के वीज अशा स्रोतांकडून घ्यावी, असेही म्हटले. कायद्याने नवीकरणीयची व्याख्या मात्र कुठेच केली नाही. सहनिर्मितीची केली आहे: एकाच प्रक्रियेत दोन किंवा अधिक उपयुक्त ऊर्जारूपे निर्माण करणे, त्यांपैकी एक वीज. इंधन कोणते, याबद्दल त्या व्याख्येत अवाक्षर नाही.

मूळ इंग्रजी वाक्यात ‘नवीकरणीय स्रोतांपासून’ हे शब्द शेवटी येतात. ते फक्त वीजनिर्मितीला लागू की सहनिर्मितीलाही? इंग्रजीत दोन्ही वाचने बसतात. मराठीत विशेषण आधी येते, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला बाजू घ्यावीच लागते: ‘नवीकरणीय स्रोतांपासून सहनिर्मिती व वीजनिर्मिती’ असे लिहिले तर कोळसा बाद, ‘सहनिर्मिती, तसेच नवीकरणीय स्रोतांपासून वीजनिर्मिती’ असे लिहिले तर कोळसा आत.

घाटापलीकडच्या वाचकाला हा वाद कळायला जड जातो, कारण कोल्हापूर-सांगलीकडे ‘को-जनरेशन’ म्हटले की साखर कारखाना आणि उसाचे चिपाड डोळ्यांपुढे येते. चिपाड दरवर्षी उगवते, म्हणून तिथे दोन्ही वाचनांचे उत्तर एकच. गोव्यात धारबांदोड्याला एकच साखर कारखाना होता, आणि त्याची धुराडीही काही वर्षांपासून थंड आहेत. इथे सहनिर्मिती म्हणजे आमोणे आणि आसपासचे लोखंडाचे कारखाने. दगडी कोळशाचा कोक करताना आणि भट्टीत खनिज वितळवताना जो तापलेला वायू निघतो, तो हवेत सोडून देण्याऐवजी बॉयलरखाली घ्यायचा, वाफ करायची, टर्बाइन फिरवायचे. वाया जाणारी उष्णता कामी येते, हे चांगलेच. पण त्या उष्णतेचा उगम मुरगाव बंदरात बोटीने उतरणारा कोळसा आहे. गोव्याचे वीज खाते अशा प्रकल्पांकडून वीज घेत आले आहे आणि दरांच्या आदेशांत तिला वेगळा रकाना असतो. तो रकाना नवीकरणीयच्या शेजारी ठेवायचा की कोळशाच्या, हा प्रश्न केवळ मांडणीचा नव्हता. नवीकरणीय खरेदीचे बंधन चुकले तर पैसे मोजावे लागतात.

२०१० च्या एप्रिलात विजेच्या वादांसाठीच्या अपिलीय न्यायाधिकरणाने निकाल दिला: सहनिर्मिती कोणत्याही इंधनावरची असो, ती नवीकरणीयच्या बरोबरीने धरावी. दोहोंना उत्तेजन द्या असे कायदा म्हणतो. एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचे बंधन लादता येणार नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. ज्या उद्योगाकडे स्वतःचा सहनिर्मिती प्रकल्प आहे त्याला नवीकरणीय वीज घ्यायची सक्ती नको, इतपत तो समजण्यासारखा होता. पण त्याचा दुसरा अर्थ लगेच काढला गेला: मग वितरकानेही कोळशावरची सहनिर्मित वीज घ्यावी आणि ती नवीकरणीय बंधनात मोजावी. देशभरच्या आयोगांपुढे अर्जांची रीघ लागली. २०१३ च्या डिसेंबरात त्याच न्यायाधिकरणाच्या पूर्ण पीठाने दुसरा अर्थ नाकारला. खनिज इंधनावरची सहनिर्मित वीज घेण्याची सक्ती वितरकावर करता येणार नाही. २०१६ च्या जानेवारीत केंद्राच्या सुधारित दरधोरणाने पहिल्या अर्थालाही कात्री लावली आणि नवीकरणीय नसलेल्या इंधनावर सहनिर्मिती करणाऱ्यांना बंधनातून सूट नाही, असे लिहिले. धोरण मोठे की न्यायाधिकरणाने लावलेला कायद्याचा अर्थ मोठा, यावर वकिलांची पुढची काही वर्षे गेली.

कायद्यात ‘आणि’ऐवजी एक स्वल्पविराम आणि ‘तसेच’ असते तर हे दशक वाचले असते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो पुरता खरा नाही. वाया जाणारी उष्णता वापरण्याला उत्तेजन द्यावे आणि सूर्य-वाऱ्यालाही द्यावे, या दोन्ही गोष्टी कायदा करणाऱ्यांना खरोखरच हव्या होत्या. चूक झाली ती एकाच टक्केवारीखाली दोन्ही ठेवण्यात. आणि टक्केवारी ठरली की स्वस्त ते आधी भरले जाते.

टक्के आणि कागद

गोवा आणि बहुतेक केंद्रशासित प्रदेशांसाठी एकच संयुक्त वीज नियामक आयोग आहे, गुरुग्रामात बसणारा. गोवा त्यात २००८ साली आला. २०१० मध्ये त्याने नवीकरणीय खरेदीचे नियम केले. सुरुवात एक-दोन टक्क्यांपासून झाली, त्यातही सौर आणि बिगरसौर असे दोन भाग. ज्या राज्यात वाऱ्याचे पठार नाही, मोकळी माळराने नाहीत आणि पावसाळ्याचे चार महिने आभाळ मिटलेले असते, त्याने हे टक्के कुठून आणायचे? उत्तर त्याच वर्षी तयार झाले होते: प्रमाणपत्र. राजस्थानात किंवा तामिळनाडूत एक मेगावॉट-तास, म्हणजे हजार युनिटे, नवीकरणीय वीज तयार झाली की तिचे दोन तुकडे करायचे. वीज तिथल्या तारेत जाते, तिचे नवीकरणीयपण कागदावर उतरते, आणि तो कागद बाजारात विकला जातो. २०११ पासून हा बाजार सुरू झाला. गोव्यानेही प्रमाणपत्रे घेऊन बंधन भागवले. मडगावच्या घरात दिवा लागला कोरब्याच्या कोळशावर, आणि खात्याच्या विवरणपत्रात तेवढीच टक्केवारी नवीकरणीय भरली.

ही फसवणूक नव्हे. योजनेचीच ती रीत आहे. हवेला सीमा नसते, मग वीज कुठे वापरली याला महत्त्व का द्यावे, हा युक्तिवाद सरळ आहे. पण ‘आमचे राज्य इतके टक्के नवीकरणीय’ हे वाक्य ऐकणाऱ्याला त्यातून जे कळते ते वेगळेच असते. त्याच काळात राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या टप्प्यात महाग सौरवीज स्वस्त कोळशाच्या विजेबरोबर गाठोडे बांधून विकली गेली: एक हजार मेगावॉट सौर, एक हजार मेगावॉट कोळसा. मेगावॉट सारखे दिसले तरी सौर पॅनेल दिवसाचे काही तास चालते आणि कोळशाचे केंद्र जवळपास अहोरात्र, त्यामुळे गाठोड्यात दर सौर युनिटामागे चारेक युनिटे कोळशाची निघत.

पंचवीस मेगावॉटची रेघ

पाण्याची गोष्ट आणखी चमत्कारिक. १९९९ पर्यंत ३ मेगावॉटपर्यंतचे जलविद्युत प्रकल्प अपारंपरिक मंत्रालयाकडे होते, त्या वर्षी ही मर्यादा २५ मेगावॉटवर नेली गेली. त्याहून मोठे ते ऊर्जा मंत्रालयाकडे. रेघ आखली गेली खात्यांच्या कामवाटपासाठी. मात्र हळूहळू लोक तिला व्याख्या समजू लागले: २४ मेगावॉटचा प्रकल्प नवीकरणीय, २६ चा नाही. चीन ५० मेगावॉटपर्यंतचे लहान धरतो, युरोपात बहुतेक ठिकाणी १० पर्यंतचे. नदीला यातला कुठलाच आकडा ठाऊक नाही.

रेघेच्या बाजूने बोलण्यासारखे होते. मोठ्या धरणाने गावे बुडतात, जंगल बुडते. लहान प्रकल्पाला उत्तेजन देताना तीच सवलत मोठ्याला मिळू नये, हा हेतू चांगलाच होता. पण तो हेतू मांडायला नवीकरणीय हा शब्द अपुरा आहे. गाव बुडाले म्हणून पाऊस पडायचा थांबत नाही. मोठ्या धरणांवरचा आक्षेप न्यायाचा होता, आणि तो ज्या शब्दात कोंबला गेला तो शब्द पुरवठ्याचा होता. म्हणूनच २०१९ साली तो सहज काढून टाकता आला.

७ मार्च २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले आणि दुसऱ्या दिवशी आदेश निघाला: २५ मेगावॉटवरचे जलविद्युत प्रकल्पही नवीकरणीय. देशात तेव्हा असे सुमारे ४५ हजार मेगावॉटचे प्रकल्प होते. एका रात्रीत एकही नवे जनित्र न फिरता तेवढी क्षमता नवीकरणीय झाली. आदेशातल्या सावध ओळी मात्र बातम्यांत आल्या नाहीत. २०२२ पर्यंतच्या १ लाख ७५ हजार मेगावॉटच्या उद्दिष्टात (सौर एक लाख, पवन ६० हजार, जैव १० हजार, लघुजल ५ हजार) ही क्षमता धरायची नव्हती. वन किंवा पर्यावरण मंजुरीत तिला आपोआप सवलत नव्हती. आणि खरेदीच्या बंधनासाठी जो जलविद्युत वाटा ठरला, तो ८ मार्च २०१९ नंतर सुरू होणाऱ्या प्रकल्पांपुरता होता.

दोडामार्ग तालुक्यातला तिळारीचा वीजप्रकल्प १९८० च्या दशकातला आणि २५ च्या रेघेच्या वरचा. घाटमाथ्यावरचे पाणी खाली पाडून तिथे वीज होते. ते पाणी पुढे तिळारी धरणात आणि कालव्यांतून डिचोली, पेडणे, बार्देशात येते. पाणी गोव्याला, वीज महाराष्ट्राला. ७ मार्चला ही वीज नवीकरणीय नव्हती; ८ तारखेला नवीकरणीय झाली, पण जुनी म्हणून बंधनात मोजण्याजोगी नव्हती. पाच वर्षे ती अशी अधांतरी राहिली.

गोव्यात या निर्णयाकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही, आणि ते जायला हवे होते. आदेशाच्या जेमतेम सात महिने आधी, १४ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हादई (हीच पुढे मांडवी होते) जलतंट्याचा निवाडा आला होता. कर्नाटकाच्या वाट्याला त्यात १३.४२ टीएमसी पाणी आले, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या आकड्यातले ८.०२ टीएमसी जलविद्युतसाठी होते. हे पाणी ‘खर्च न होणारे’ धरले गेले, कारण टर्बाइनमधून सुटल्यावर ते पुन्हा नदीत येते. येते हे खरे, पण केव्हा येते? वीजकेंद्र पाणी सोडते ते विजेची मागणी असेल तेव्हा, आणि खाली खारेपणा मागे रेटायला मांडवीला पाणी लागते ते उन्हाळ्याच्या भरतीला. वार्षिक बेरीज जुळली तरी महिन्यांची जुळेलच असे नाही. निवाड्यातले ‘खर्च न होणारे’ आणि आदेशातले ‘नवीकरणीय’ हे दोन्ही शब्द वर्षाची बेरीज पाहतात. पेयजल, मासळी आणि खाजने यांचा हिशेब आठवड्यांचा असतो.

खाणींचे नूतनीकरण

गोव्यात ‘रिन्यू’ म्हटले की बहुतेकांना सौर पॅनेल आठवत नाही, लीज आठवते. ही गोष्ट विजेची नसली तरी ती टाळून इथे या शब्दाबद्दल लिहिता येत नाही. लोहखनिज पुन्हा उगवत नाही, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही. तरी जे पुन्हा येत नाही त्याचा परवाना पुन्हा पुन्हा येत राहील, या गृहीतावर राज्याचे अर्थकारण साठ वर्षे चालले.

पोर्तुगीज काळातल्या खाण सवलती (खनिज काढण्याचे हक्क) मुदतीच्या नव्हत्याच, त्या कायमच्या होत्या. १९८७ च्या कायद्याने त्या रद्द करून १९६१ च्या डिसेंबरपासून लीज मानल्या. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात मुदतींची मांडणी केली: मानीव लीज २२ नोव्हेंबर १९८७ ला संपली, पहिले नूतनीकरण २२ नोव्हेंबर २००७ ला संपले, त्यानंतर जे उकरले ते बेकायदा. मधल्या पाच वर्षांत, अर्ज दिला आहे आणि उत्तर आलेले नाही एवढ्या बळावर, वर्षाला पाच कोटी टनांपर्यंत खनिज बाहेर गेले होते. त्याच निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला लावला. न संपणारी गोष्ट विकली जाते तेव्हा असा निधी लागत नाही. तो लावणे म्हणजेच खनिज संपणारे आहे, अशी नोंद करणे होते.

त्यानंतर जे झाले ते गोवेकरांना पाठ आहे. २०१४ च्या नोव्हेंबरपासून ८८ लीजांचे दुसरे नूतनीकरण घाईघाईने उरकले गेले. १२ जानेवारी २०१५ ला केंद्राचा अध्यादेश आला आणि नूतनीकरण ही कल्पनाच खाण कायद्यातून गेली, त्याजागी लिलाव आले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती ८८ नूतनीकरणे रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहिले, बार्जेस नदीकाठी गंजल्या, हप्ते थकले. या बाजूचे दुःख खरे आहे आणि ते सभांतून, मोर्चांतून पुरेसे मांडले गेले. मोर्चात एक फलक मात्र कधी दिसला नाही: लीज वीस वर्षांनी वाढवून मिळाली असती, तरी डोंगर वाढवून कोण देणार होते? डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार खाण गटांचा लिलाव झाला. नवे लीज पन्नास वर्षांचे, वाढीव मुदत नाही.

कचरा, छपरे आणि नवे रकाने

साळगावचा कचरा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याची क्षमता दिवसाला शंभर टन होती. नंतर ती वाढवली गेली. तिथे पट्ट्यावर कचरा निवडला जातो. ओला भाग टाक्यांत कुजवून वायू काढतात आणि त्यावर वीज होते. जळण्याजोगा सुका कचरा गाठी बांधून कर्नाटकातल्या सिमेंट भट्ट्यांना जातो. एकाच पिशवीतून आलेले केळीचे साल नवीकरणीय ठरते. त्याच्याशी चिकटलेली प्लास्टिकची पिशवीही जळून उष्णता देतेच, पण तिचे मूळ तेलात. युरोपच्या नियमांत कचऱ्याचा फक्त जैव भाग नवीकरणीय धरतात. आपल्याकडे कचऱ्यापासूनची वीज सरसकट त्याच यादीत असते.

छपरांची गोष्ट साधी आहे, म्हणून ती मागे पडते. राज्याचे सौर धोरण २०१७ चे, केंद्राची छप्पर योजना फेब्रुवारी २०२४ ची, तीन किलोवॉटला ७८ हजारांचे अनुदान. जुन्या घरांच्या उतरत्या मंगळुरी कौलांवर पॅनेल बसवताना सांगाडा वेगळा बांधावा लागतो, वाशांचे वय पाहावे लागते, आणि जूनमध्ये कौल फुटले तर पॅनेलखालून ते बदलायचे कसे हा प्रश्न घरवाला आधी विचारतो. त्याला नवीकरणीयची व्याख्या नको असते. मीटर उलटा फिरेल का आणि बिल किती कमी होईल, एवढे सांगा म्हणतो. २०२० साली मोल्याच्या जंगलातून जाणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिनीविरुद्ध लोक उभे राहिले, तेव्हा हीच छपरे पर्याय म्हणून पुढे केली गेली. वाहिनीच्या बाजूचे म्हणत होते की पुढे नवीकरणीय वीज आणायलाही तीच वाहिनी लागेल. योजनेचे नाव मात्र छत्तीसगडच्या कोळसा पट्ट्यातल्या तमनारवरून पडलेले.

२०२३ च्या जुलैत जगातल्या वीस मोठ्या अर्थव्यवस्थांचे ऊर्जामंत्री गोव्यातच जमले होते. २०३० पर्यंत जगाची नवीकरणीय क्षमता तिप्पट करण्यावर त्यांचे एकमत झाले नाही. खनिज तेल उत्पादक देशांचा अडथळा होता. दोन महिन्यांनी दिल्लीच्या शिखर परिषदेत तिप्पट करण्याची ती गोष्ट मवाळ शब्दांत आली, डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेत पक्की झाली. गोव्याच्या बैठकीतून ती निसटली याची इथल्या वर्तमानपत्रांत फारशी दखल नव्हती. वाहतुकीच्या वळवणीच्या बातम्या मोठ्या होत्या.

त्याच सुमारास कायद्याचा शब्दही सरकला. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्तीने ‘बिगरखनिज स्रोत’ हा शब्द आणला, म्हणजे कोळसा, तेल, वायू सोडून बाकीचे; त्यात अणुवीजही मावते. २०३० साठी जाहीर झालेले ५ लाख मेगावॉटही याच बिगरखनिज मापात आहेत. पण त्या दुरुस्तीखाली ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेली अधिसूचना पुन्हा नवीकरणीयवर आली. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या या तक्त्यात २०२४-२५ साठी २९.९१ टक्के आणि २०२९-३० साठी ४३.३३ टक्के वाटा ठरला आहे. त्यात पवन, जल, विकेंद्रित आणि इतर असे चार रकाने. पवन आणि जल या रकान्यांत ३१ मार्च २०२४ नंतर सुरू झालेलेच प्रकल्प येतात. जुने जलविद्युत प्रकल्प, म्हणजे तिळारीसारखे, ‘इतर’मध्ये मोजायला परवानगी मिळाली. म्हणजे पाच वर्षांनी त्या पाण्याला अखेर रकाना मिळाला.

विकेंद्रित या रकान्यात १० मेगावॉटखालचे प्रकल्प येतात, छपरावरची पॅनेलेही त्यातच. २०२४-२५ साठी त्याचा वाटा दीड टक्का, २०२९-३० साठी साडेचार. गोव्याला आपल्या हद्दीत भरता येईल असा चारांपैकी हाच एक रकाना आहे. बाकीचे टक्के अजूनही म्हापसा, फोंडा आणि शेल्डेच्या उपकेंद्रांतून आत यायचे आहेत.